पुराचे पाणी आपल्या शाळेपर्यंत येईल का?

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कर्जत तालुक्यातील शिक्षकांच्या मेळाव्यात पुराविषयी बोलायला गेलो होतो. पावसाचे ढग कसे बनतात, घाटमाथ्यावर पाऊस जास्त का पडतो, असे नेहमीचे सांगून झाले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "सर, पूर आला की नदीकाठच्या लोकांना आमच्या शाळेत आणून ठेवतात. पण आमची शाळाच नदीपासून दोनशे पावलांवर आहे. शाळेत पाणी येणार नाही, हे कुणी ठरवलं?"

प्रश्न अगदी नेमका होता. शाळेची इमारत पक्की, मोठी आणि सर्वांच्या ओळखीची असते, म्हणून ती निवाऱ्यासाठी ठरते. तिची उंची मोजून ते कुणी ठरवलेले असतेच असे नाही. ही मोजणी करता येते, आणि तिचा बराचसा भाग सातवी-आठवीच्या गणितात बसतो. ती कशी करायची ते या लेखात पाहू.

धोक्याचे तीन घटक

बोलताना आपण 'पूर' आणि 'पुराचा धोका' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. मोजायला बसल्यावर मात्र तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, पाणी किती, कुठवर आणि किती वेळा येते. दुसरी, त्या पाण्याच्या वाटेत काय काय आहे: घरे, गुरे, रस्ता, विहीर, शाळा. तिसरी, वाटेत असलेल्यांना पाण्याचा मार किती सोसतो. निर्जन माळावर पुरुषभर पाणी चढले तरी धोका शून्य. कारण दुसरा घटक शून्य आहे. उलट कुडाच्या भिंतींच्या झोपड्यांत गुडघाभर पाणी रात्री दोन वाजता शिरले, तर धोका मोठा. तीनही घटकांचा गुणाकार करायचा असतो, आणि त्यांतला कोणताही एक कमी केला की धोका कमी होतो. पाऊस आपल्या हातात नाही. बाकीचे दोन बऱ्याच अंशी आहेत.

पाणी येते कुठून?

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. राजमाची-खंडाळ्याच्या बाजूच्या दऱ्यांतून उतरलेली उल्हास कर्जतवरून उत्तरेला नेरळ, बदलापूर, कल्याणकडे जाते. खंडाळ्याच्या उतारावरूनच निघालेली पाताळगंगा खोपोली-खालापूरवरून पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे वळते. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून माथेरानला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर डोंगराच्या पलीकडे पुण्याला सातशेच्या आसपास.

पावसाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते अंतर. घाटमाथ्यापासून कर्जतपर्यंत उल्हासचे पाणी पंधरा-वीस किलोमीटरच वाहते. समजा अंतर १६ किलोमीटर आणि पुराचा वेग सेकंदाला अडीच मीटर. १६,००० भागिले २.५, म्हणजे ६,४०० सेकंद. पावणेदोन तासांच्या आसपास. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली. ते पाणी दिवसादिवसाने चढले आणि तसेच रेंगाळत उतरले. कर्जत-खालापूरचा पूर त्या जातीचा नाही. तो दुपारी येतो आणि बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरतो, पण विचार करायला वेळ देत नाही. येथे धोका मोजायचा तो खोलीइतकाच घड्याळानेही मोजायला हवा.

येथे एक समजूत तपासून पाहू. पूर ओसरला की चहाच्या टपरीवर ऐकू येते, "वरून टाटाचं पाणी सोडलं, म्हणून पूर आला." भिवपुरीचे वीजकेंद्र १९२२ साली आणि खोपोलीचे १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली आणून येथे वीज करतात. भिवपुरीचे पाणी पेज नदीवाटे उल्हासला मिळते, खोपोलीचे पाताळगंगेला. या नद्या उन्हाळ्यातही वाहतात त्या यामुळेच. भिवपुरीची क्षमता सुमारे ७५ मेगावॉट आणि पाण्याची उडी सुमारे ५०० मीटर. यंत्रे ८५ टक्के कार्यक्षम धरली, तर लागणारे पाणी असे निघते:

७,५०,००,००० ÷ (१,००० × ९.८ × ५०० × ०.८५) = सेकंदाला सुमारे १८ घनमीटर.

आता पावसाकडे पाहू. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. १०० चौरस किलोमीटरवर तासाला ३० मिलिमीटर पाऊस काही तास पडत राहिला आणि त्यातला ७० टक्के वाहून आला, तर नदीत सेकंदाला सुमारे ५८० घनमीटर पाणी येते. त्यापुढे १८ म्हणजे तीन टक्के. शिवाय त्या तलावांचे सांडवे पूर्वेला, इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरतात; कर्जतकडे नाहीत. तेव्हा पुराचे मुख्य कारण डोंगरावर पडणारा पाऊस आहे. दुसऱ्या कुणाला दोष देऊन मोकळे झालो, तर पुढच्या पुराची तयारी राहून जाते. म्हणून हा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडण्यासारखा आहे.

पर्जन्यमापकाचे एक पथ्य

पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आसपास. सांताक्रूझला दुपारी एका तासातच १९० मिलिमीटर पडला. यावरून दोन गोष्टी घ्यायच्या. तालुक्याच्या ठिकाणचा एक आकडा साऱ्या खोऱ्याला लावू नये. आणि दिवसाचा एकूण पाऊस पुरेसा नाही, तासाचा हवा. हवामान खाते चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाला 'अत्यंत जोरदार' म्हणते. तेवढाच पाऊस दिवसभर सावकाश पडला तर वहाळ भरून वाहील. तीन तासांत पडला तर पूल नेईल.

शाळेत सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा आणि मोजपट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक होतो. तो छप्पर आणि झाडांपासून दूर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी आणि जोराच्या पावसात दर तासाला. नदीच्या वरच्या अंगाच्या शाळेने आणि खालच्या शाळेने एकाच वेळी नोंदी ठेवल्या, तर त्या दोन वह्या शेजारी ठेवल्यावर बरेच काही दिसते.

मोरीची परीक्षा

पुरात माणसे जातात ती मोठ्या नदीपेक्षा बरेचदा वहाळावर, साकवावर किंवा पाणी वरून जाणाऱ्या फरशीवर. म्हणून सुरुवात शाळेच्या वाटेवरच्या मोरीपासून करावी.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. मोरीच्या वरच्या अंगाचे सारे पाणी जिथून येते त्याच्या कडेने, टेकड्यांच्या माथ्यांवरून पेन्सिलीने रेघ काढा. तिच्या आतला भाग म्हणजे त्या वहाळाचे पाणलोट क्षेत्र. आलेख कागदावर चौकोन मोजून क्षेत्रफळ काढता येते. समजा ते ६ चौरस किलोमीटर भरले. तासात ६० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी झाले ६० × १,००० × ६ = ३,६०,००० घनमीटर. जुलैअखेर जमीन आधीच भिजलेली असते; ७० टक्के पाणी वाहून येते असे धरू. म्हणजे २,५२,००० घनमीटर. त्याला ३,६०० सेकंदांनी भागले की सेकंदाला ७० घनमीटर.

मोरी ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असेल, तर तोंड १० चौरस मीटर. पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने गेले तरी ३० घनमीटरच जाईल. उरलेले ४० घनमीटर रस्त्यावरून जाणार किंवा कडेच्या घरांत शिरणार. मोरीत ओंडके, प्लॅस्टिक आणि राडारोडा अडकून ती अर्धी बंद असेल, तर ५५ घनमीटर बाहेर पडेल. मे महिन्यात मोरी साफ करण्याचा अर्थ मुलांना या दोन आकड्यांतून जितका कळेल, तितका फलकावरच्या घोषवाक्यांतून कळणार नाही.

हा हिशेब ढोबळ आहे. मोठ्या खोऱ्याला तो तसाच लावता येत नाही, कारण तिथे दूरचे पाणी उशिरा पोहोचते. पण वहाळापुरते, 'मोरी पुरेल की नाही' एवढे सांगायला तो चालतो.

साकवावरून पाणी जात असताना ओलांडू नये, हेही आकड्यांत सांगता येते. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा मीटर पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर, पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल, तर सात-आठ किलो वजनाइतका रेटा येतो. वेग ३ मीटर झाला की तोच नऊपट, म्हणजे सत्तर किलोच्या आसपास. पाणी तेवढेच, गुडघ्याएवढे. पण पहिल्यात माणूस उभा राहतो आणि दुसऱ्यात वाहून जातो. मुलांना खोली दिसते. वेग मात्र डोळ्यांना फसवतो.

'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे काय?

राज्याचा जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र असते, तर निळ्या आणि लाल रेषांमधल्या क्षेत्रात बांधकामावर नियंत्रण असते.

या शब्दांनी मोठी फसगत होते. "२००५ साली शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत काळजी नाही," असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. आकाश असा हिशेब ठेवत नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला पूर. यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी शक्यता तेवढीच.

वर्गात हे गोट्यांनी दाखवता येते. पिशवीत २४ पांढऱ्या आणि १ लाल गोटी घाला. न बघता एक काढा, रंग लिहा, पुन्हा पिशवीत टाका. असे तीस वेळा करा. ही झाली घराची तीस वर्षे. वर्गातल्या दहा गटांपैकी साधारण सात गटांना निदान एकदा लाल गोटी मिळेल. गणिताने पाहिले तर ०.९६ चा तिसावा घात ०.२९, म्हणजे लाल गोटी न येण्याची शक्यता २९ टक्के, येण्याची ७१. लाल पूररेषेच्या पुरासाठी ०.९९ चा तिसावा घात ०.७४, म्हणजे तीस वर्षांत तो येण्याची शक्यता २६ टक्के. घराचे कर्ज फिटेपर्यंत चारात एक! निळ्या रेषेच्या आत प्लॉट घेणाऱ्याने हा ७१ चा आकडा पाहावा. नदीचे दृश्य दाखवून बंगल्यांच्या जागा विकल्या जातात, त्यांच्या रंगीत पत्रकांत तो नसतो.

आपल्याजवळच्या नोंदींवरूनही असा अंदाज बांधता येतो. समजा गावात २४ वर्षांच्या नोंदी आहेत. प्रत्येक वर्षाचा सर्वांत मोठा एक दिवसाचा पाऊस घ्या आणि मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावा. वर्षांच्या संख्येत एक मिळवून क्रमांकाने भागा. पहिला आकडा २५ वर्षांतून एकदा येणारा, पाचवा पाच वर्षांतून एकदा. इतक्या थोड्या नोंदींवरून शंभर वर्षांचा पूर सांगायचा तर रेघ पुढे ताणावी लागते. जितकी ताणावी तितकी ती डळमळते.

त्यातच पाऊसही बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दाखवले. जमीनही बदलते आहे. भाताची खाचरे मुरूम टाकून भरली, नदीकाठी संरक्षक भिंती घातल्या, की तेवढाच पाऊस पडूनही पाणी वर चढते. तेव्हा जुनी रेषा ही किमान रेषा समजावी.

आठवणीतली खूण आणि गवंड्याची नळी

पूररेषेच्या नकाशावर आपली शाळा कुठे आहे ते नगरपरिषदेत किंवा पाटबंधारे कार्यालयात पाहता येते. पण लहान वहाळांचे असे नकाशे नसतात. तिथे गावाची आठवण कामी येते.

मुलांना घरोघर पाठवा. "२००५ ला पाणी कुठवर आलं होतं? २०१९ ला? २०२१ ला?" असे विचारू द्या. 'खूप आलं होतं' हे उत्तर नको. कोणत्या पायरीला, कोणत्या खिडकीच्या गजाला, ते हवे. एकाच जागेविषयी निदान तिघांना वेगवेगळे विचारावे. तिघांचे जुळले तर खूण पक्की. आजीला तारीख आठवत नसते, पण "रेल्वे बंद होती," "गाय त्याच रात्री व्याली," अशा खुणा असतात. २६ जुलै २००५ च्या पावसात नेरळ-माथेरानचा लोहमार्ग इतका उखडला की ती गाडी २००७ पर्यंत बंद होती. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा घटनांना टेकवून आठवणींची वर्षे ठरवता येतात.

खूण मिळाली की ती शाळेच्या जोत्यापेक्षा किती खाली आहे ते मोजायचे. गवंडी पातळी लावायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच पुरते. नळीत बुडबुडा राहू देऊ नये. नळीची दोन टोके दोन उभ्या पट्ट्यांना धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत राहते; दोन पट्ट्यांवरच्या वाचनातला फरक म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक. असे टप्प्याटप्प्याने शाळेपर्यंत जायचे. समजा पाच टप्प्यांत +०.४०, +०.२५, −०.१०, +०.३० आणि +०.१५ मीटर मिळाले. बेरीज १.०० मीटर. शाळेचे जोते त्या पुराच्या खुणेहून एक मीटर उंच आहे. मग खुणेकडे उलटे मोजत यावे. दोन उत्तरे जुळली तर मोजणी बरोबर.

एक काळजी घ्यावी. वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, नदीबरोबर तोही उतरतो. उतार ५०० ला १ असेल, तर ५०० मीटर खाली पाण्याची पातळी १ मीटर उतरलेली असते. म्हणून खूण शक्यतो शाळेच्या सरळ समोरच्या काठावरची घ्यावी.

वर्तमानपत्रात येणाऱ्या नदीच्या पातळीविषयीही असाच गोंधळ होतो. रायगड जिल्ह्यात महाडला सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर, तर कर्जतला उल्हासची ४८ मीटरांहून अधिक. मुले विचारतात, "कर्जतला अठ्ठेचाळीस मीटर खोल पाणी?" हे आकडे खोलीचे नसून ठरलेल्या शून्यापासूनच्या उंचीचे आहेत. कर्जत गाव समुद्रसपाटीपासून साधारण पन्नास मीटर उंचीवर आहे हे ध्यानात घेतले, की कोडे सुटते.

कोण सापडेल?

आता गावाचा मोठा नकाशा कागदावर काढून त्यावर खुणेची रेषा आखा. तिच्या आत काय येते ते मुलांनी लिहावे: किती घरे, त्यांतली कच्ची किती, एकटे राहणारे वृद्ध, तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेले, पिण्याच्या पाण्याची विहीर, विजेचे रोहित्र, रेशनचे दुकान, दवाखान्याचा रस्ता. नदीकाठच्या कातकरी वाडीला आणि काठावरच्या पक्क्या दुमजली बंगल्याला रेषा एकच लागू होते. पण बंगल्यातला माणूस वरच्या मजल्यावर जातो, वाडीतल्याला वर मजला नसतो. त्याचे धान्य, कोंबड्या आणि कागदपत्रे सारे जमिनीवर असते. धोक्याचा तिसरा घटक म्हणतात तो हा.

निवाऱ्याची जागा ठरवताना दुसरी बाजूही पाहायला हवी. पुराच्या रेषेपासून दूर म्हणून तीव्र उताराच्या पायथ्याशी जाऊ नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली. ती वाडी नदीपासून दूर, डोंगरावर होती. पाण्यापासून उंच आणि कड्यापासून लांब, अशा दोन अटी पुऱ्या करणारी जागा शोधायची असते.

दोन तासांचे भांडवल

शेवटी पुन्हा घड्याळाकडे. कर्जतच्या हाती फार तर दोन तास असतील, तर ते वाया जाता कामा नयेत. वरच्या अंगाच्या गावात, उदाहरणार्थ कोंदिवड्याच्या बाजूला, पुलाच्या खांबावर रंगाने खुणा करता येतील. पाणी अमुक खुणेला लागले की तिथल्याने खालच्या गावात फोन करायचा. कुणी कुणाला करायचा, मोबाइल बंद पडला तर काय, रात्री कुणी जागायचे, हे जूनमध्येच ठरलेले असावे. पहिल्या अर्ध्या तासात वाडी उठवायची, पुढच्या तासात माणसे हलवायची. सामानासाठी कुणी मागे फिरायचे नाही. ही तालीम एकदा शाळेने करून पाहावी.

त्या बाईंनी पुढे आपल्या मुलांना घेऊन मोजणी केली. शाळेचे जोते २००५ च्या खुणेहून फक्त चाळीस सेंटिमीटर उंच निघाले. म्हणजे तेवढ्याच पुरात शाळा कोरडी राहील, पण पाणी थोडे अधिक आले किंवा मोरी तुंबली तर वर्गात जमलेल्या माणसांना रात्री पुन्हा हलवावे लागेल. मुलांनी नकाशावर दुसरी जागा शोधली, रस्त्याच्या वरच्या अंगाचे समाजमंदिर. ते जोत्याहून अडीच मीटर उंच आणि डोंगरउतारापासून लांब होते. नकाशा ग्रामसभेत मांडला गेला आणि निवाऱ्याची जागा बदलली.

आपल्या शाळेचे जोते किती उंच आहे? नळी, दोन पट्ट्या आणि एक शनिवार एवढे यासाठी पुरते. पावसाळ्याआधीचा शनिवार निवडावा.